हायवेवरच्या दुकानात पहिल्यांदाच बर्गर खाल्ला. घरच्या मोठ्यांसाठी काय मागवावं?

पळसबन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, हिंगणघाटच्या खाली आमचा फाटा आहे. तिथून सात किलोमीटरवर दिवाळीच्या सुमारास एक बर्गरचं दुकान उघडलं. विदेशी कंपनीचं नाही, आपल्याच भागातली साखळी आहे, पाच-सहा शाखा असतील. नाव लिहीत नाही. तक्रार मांडायची नाहीये, विचारायचं आहे.

मुलगी नऊ वर्षांची. तिची शाळेची बस रोज त्या दुकानासमोरून जाते आणि ती रोज घरी येऊन सांगते, आज लाल दिवा चालू होता, आज बाहेर तीन गाड्या होत्या. कापसाचा पहिला वेचा विकला की नेतो, असा शब्द दिला होता. मागच्या रविवारी नेलं. मी, मुलगी, आई आणि बाबा. बायको माहेरी होती.

मुलीनं दोन्ही हातांनी धरून खाल्ला, तिच्या नाकाला सॉस लागला होता. एवढी खूश तिला मी यंदा पाहिली नव्हती. पण बाबा (वय ७१) बर्गर समोर ठेवून बसून राहिले. मग मला हळूच म्हणाले, "हे धराचं कुठून?" शेवटी त्यांनी वरचा पाव बाजूला काढला, टिक्की मोडली आणि भाकरीसारखा घास केला. दोन घासांनंतर काउंटरवरच्या पोराला कांदा आणि हिरवी मिरची मागितली. पोरगा चांगला होता, दोन्ही आणून दिलं. आईला ते पांढरं मेयोनीज अजिबात आवडलं नाही, "गोड-गोड लागते" म्हणाली. पाव हिस्सा खाऊन उरलेला बर्गर कागदात बांधून घरी आणला, कारण तिला अन्न टाकवत नाही. संध्याकाळी उघडला तर त्याचा पार लगदा झालेला.

बिल ८४० रुपये. पैशांचं दुःख नाही. माझ्या आईबाबांना तिथं बसून परकं वाटलं, ते मला लागलं. त्यांना पुन्हा न्यायचं आहे. काय मागवू? कसं सांगू?

ठेचाभाकर

मेयो नको म्हणून सांगायचं, हिरवी चटणी असेल तर ती लावायला लावायची. आम्ही तसंच करतो.

सोयाबीन_क्विंटल

पळसबन भाऊ, राग मानू नका. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे किलोले त्रेपन्न रुपये आन् वर काही पैसे. तुमचं ८४० चं बिल म्हनजे पावणेसोळा किलो सोयाबीन झालं. अन् हमीभाव तरी कोनाच्या हातात पडते? ओलावा दाखवून कापतातच.

आमच्या बस स्टँडवर आलूबोंडा-तर्री पंचवीस रुपयात भेटते. गरम, तिखट, अन् त्याले धराचं कुठून हे कोनाले विचारा लागत नाई. बाबाले तिथं न्या. ज्या मानसानं जलमभर वावरात उन्ह झेललं त्याले गोड मेयोनीज काहून चारता?

रानफूल_पांढरकवडा

सोयाबीन काका, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तुमच्या बस स्टँडवरच्या टपरीवर मी बसू शकत नाही, हे तुमच्या हिशेबात आलेलं नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावाहून एसटीनं येते. प्रॅक्टिकल साडेबाराला संपतं आणि परतीची गाडी साडेतीनला. तीन तास कुठे काढायचे? टपरीवर सगळे माणसं, खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटणं चालू, आणि मुलगी एकटी उभी राहिली की सगळ्या माना वळतात. आलूबोंडा घ्यायचा असेल तर मैत्रीण सोबत हवी, तोही कागदात घेऊन चालत चालत खायचा. बाथरूमसाठी तर आम्ही सकाळपासून पाणीच कमी पितो. हे मी इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी अशाच एका साखळीचं दुकान झालं तेव्हापासून आम्ही तिघी एक आलू टिक्की आणि एक फ्राईज घेतो, वाटून खातो. चाळीस-चाळीस रुपये पडतात. दोन तास बसतो, जर्नल पूर्ण करतो. आतून कडी लागणारं स्वच्छ बाथरूम आहे. कोणी उठवत नाही. मला बर्गर आवडतोच, पण तो बेचव असता तरी मी गेले असते.

मोहफूल

रानफूल, शब्दन् शब्द खरा. मी १९९८ साली आर्णीला शिकत होते, तेव्हाही हेच होतं. आम्ही मैत्रिणीच्या मावशीकडे जाऊन बसायचो.

सोयाबीन_क्विंटल

पोरी, तुह्यं खरं हाय. मले दोन पोरी हायेत, मोठी अकरावीले. ती दिवसभर पानी पिते का नाई, हे म्या तिले कधी विचारलं नाई. आज विचारतो.

बर्गरचं माह्यं मत तेच हाय. पन जागेचं तू म्हनते ते मान्य.

तवा_आणि_तेल

धागा वाचून राहवलं नाही. मी नागपुरात एका बर्गर साखळीच्या किचनमध्ये तीन वर्षं काम केलं आहे (आता गावात माझं स्वतःचं नाश्त्याचं दुकान आहे). पळसबन, तुमच्या आईच्या बर्गरचा लगदा का झाला ते सांगतो.

टिक्की गोठवलेली येते, उणे १८ अंशावर ठेवतात. ती तशीच, न वितळवता, १७५-१८० अंशांच्या तेलात जाते. आधी वितळली तर तेलात फुटते. पाव मधून कापून आतल्या दोन्ही बाजू तापल्या तव्यावर दाबून भाजतात. याला लोक सजावट समजतात, पण त्या भाजण्यानं पावाला आतून एक पापुद्रा येतो आणि सॉस पावात लगेच मुरत नाही. घाईच्या वेळी ही पायरी पहिल्यांदा चुकवली जाते. तुमचा पाव आतून पांढराच असेल तर समजा की भाजला नाही. परत द्या आणि भाजून मागा, ते करून देतात.

दुसरं म्हणजे वाफ. गरम टिक्की कागदात गुंडाळली की तिची वाफ पावातच जिरते. दहा-पंधरा मिनिटांत पाव ओला होतो. म्हणून बर्गर पार्सल करून सात किलोमीटर नेण्याची गोष्ट नाही, जागेवरच खायचा. आईला भूक कमी असेल तर दोघांत एक घ्या.

मेयोनीज गोड का? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बिनअंड्याचं वापरतात. त्यात तेल, आणि सोबत व्हिनेगर, साखर, घट्टपणासाठी स्टार्च. ते तेल बहुधा सोयाबीनचं असतं, हे सोयाबीन_क्विंटल यांना सांगायला हवं.

तेलाचंही सांगतो. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तळणाच्या तेलातले टोटल पोलर कंपाऊंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. किचनमध्ये तपासायची पट्टी किंवा मीटर असतं. गिऱ्हाइकाला मीटर दिसणार नाही, पण फ्राईज गडद तपकिरी आल्या, कडवट लागल्या, हाताला चिकट तेल राहिलं, तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. हा नियम माझ्या आलूबोंड्याच्या कढईलाही लागू आहे आणि मी तो पाळतो.

ठेचाभाकर

तवाभाऊ, आतली पानं पण कधी कडक, कधी मेलेली असतात. असं का?

तवा_आणि_तेल

ते लेट्यूस. थंडीचं पीक. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश तापमान, त्यात ते लांबून शीतगाडीत येतं आणि एकदा मध्ये थंडावा तुटला की मरगळतं. शहाणे दुकानदार उन्हाळ्यात सरळ पानकोबी बारीक चिरून टाकतात. मला तर पानकोबीच जास्त आवडते, करकरीत राहते.

गोंडखैरी_नाका

माझ्या आजीनं नाव ऐकल्यावरच नकार दिला. कोणीतरी तिला सांगितलं की हॅम्बर्गर म्हणजे हॅम, म्हणजे डुकराचं मांस. आम्ही माळकरी.

मोहफूल

आजींना सांगा, त्या नावात हॅम नाही. जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर, त्यावरून हॅम्बर्गर. तिकडे तो गोमांसाचा असतो हे खरं. पण मॅकडोनाल्ड्स १९९६ साली दिल्ली-मुंबईत आलं तेव्हापासून त्यांनीही इथे गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलं नाही, आणि शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाकाची भांडी-जागा वेगळी ठेवली. छोट्या साखळीत मात्र कढई एकच आहे का, हे विचारून घ्या. माळकरी माणसासाठी ते विचारणं आवश्यकच आहे, लाजू नका.

गोंडखैरी_नाका

धन्यवाद ताई. कढईचं डोक्यातच आलं नव्हतं.

यवतमाळची_चिमणी

मी मूळ घाटंजीची, गेली अकरा वर्षं ह्यूस्टनला. तुमच्या बाबांचा प्रश्न वाचला, "हे धराचं कुठून?", आणि मला लिहावंच लागलं. कारण आमच्याकडे त्या प्रश्नावरच एक साखळी उभी आहे.

तिचं नाव व्हॉटाबर्गर. ८ ऑगस्ट १९५० ला टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी या बंदराच्या गावी हार्मन डॉबसन या माणसानं पहिलं दुकान टाकलं. त्याचं म्हणणं असं की बर्गर एवढा मोठा हवा की धरायला दोन्ही हात लागले पाहिजेत, आणि पहिला घास घेतल्यावर माणसानं "व्हॉट अ बर्गर!" म्हटलं पाहिजे. म्हणून पाव पाच इंचांचा बनवून घेतला. किंमत २५ सेंट. तेव्हा बाबांना सांगा, दोन्ही हातांनी धरायचं. त्यात वावगं काही नाही, तो बनवलाच तसा आहे.

मी गोमांस खात नाही, म्हणून त्यांचा कोंबडीचा घेते. पहिल्यांदा गेले तेव्हा गरोदर होते, रात्रीचे दोन वाजले होते आणि मला काहीतरी तिखट हवं होतं. दुकान चोवीस तास उघडं. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं छप्पर लांबून दिसलं. आत दोन ट्रकवाले, एक नर्स आणि आम्ही दोघं. त्यांच्या साध्या बर्गरमध्ये मेयो नसतंच, मोहरीचं सॉस असतं, सोबत कांदा, टमाटर, लोणच्याची काकडी, लेट्यूस. वरून हालापिन्यो मिरची टाकून मागितली. टेबलावर नारिंगी नंबराची पाटी ठेवतात आणि गरम करूनच आणून देतात. पहिल्या घासाला मोहरी नाकात चढली आणि मला आईच्या कैरीच्या लोणच्याची आठवण आली. मी रडले. नवरा घाबरला होता.

पळसबन, तुमच्या आईला मेयो गोड लागलं यात तिची चूक नाही. टेक्सासच्या लोकांनाही त्यांच्या बर्गरमध्ये मोहरीच लागते. प्रत्येक मुलखाची साखळी त्या मुलखाच्या जिभेवर उभी राहते. तुमच्या दुकानानं अजून तुमची जीभ ओळखलेली नाही, एवढंच. त्यांना सांगा ना! त्या पोरानं कांदा-मिरची आणून दिली म्हणजे तो ऐकणारा आहे.

झाडीपट्टी

चिमणीताई, त्या साखळीचा इकडच्यासारखा अभिमान असतो का लोकांना? शेगावच्या कचोरीचा आपल्याला असतो तसा?

यवतमाळची_चिमणी

असतो म्हणजे काय! २००१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं तिला 'टेक्सास ट्रेझर' म्हणून गौरवलं. २०१९ मध्ये मोठा हिस्सा शिकागोच्या एका कंपनीनं घेतला तेव्हा माझ्या ऑफिसातले लोक दिवसभर सुतकात असल्यासारखे होते.

आणि एक गंमत. जुलै २०२४ मध्ये इथे बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन आणि आसपासची वीस लाखांहून जास्त वीजजोडणी बंद पडली. वीज कंपनीचा नकाशा चालत नव्हता. तर लोकांनी व्हॉटाबर्गरचं ॲप उघडलं. कोणतं दुकान सुरू (ते नारिंगी), कोणतं बंद, हे त्यात दिसतं. जिथं दुकान सुरू तिथं लाईन आली, असा अंदाज सगळं शहर लावत होतं. आम्हीही तसंच केलं. पाचव्या दिवशी आमच्या जवळचं दुकान नारिंगी दिसलं आणि शेजारीण ओरडत बाहेर आली.

सोयाबीन_क्विंटल

आमच्याकडे लाईन आली का नाई हे पाहाले पिठाच्या चक्कीचा आवाज आयकतो. चक्की सुरू झाली का मोटर चालू कराले वावरात पळाचं. रात्री दोनले लाईन भेटते तेव्हा ओलीत करतो, साप-विंचवात.

झाडीपट्टी

हे अगदी खरं. चक्कीच आमचं ॲप.

अंबानगरीकर

विषय शेगावच्या कचोरीवर गेलाच आहे तर अमरावतीच्या गिला वड्याला विसरू नका. दही, गोड चटणी, तिखट चटणी, सगळं आहे त्यात. ज्यांना मेयो गोड लागतं त्यांनी आमच्याकडे यावं.

वर्ध्याची_वाट

आणि वर्ध्याचा गोरसपाक. चहात बुडवला की विरघळतो. पळसबन, तुम्ही तर आमच्याच जिल्ह्याचे, गोरसपाक सोडून हे काय धरलंत!

पळसबन

वर्ध्याची_वाट, गोरसपाक घरात कायम असतो हो. बाबा त्याशिवाय चहा घेत नाहीत.

झाडीपट्टी

माझा एक गंभीर प्रश्न. वडापावाची साखळी होऊ शकते, जम्बोकिंग २००१ साली मुंबईच्या मालाडमधून सुरू झालं. मग आलूबोंडा-तर्रीची का होत नाही? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्यातला बराचसा विदर्भातून जातो. स्वच्छ जागा, बाथरूम, बसायला बाक, आणि गरम आलूबोंडा. रानफूलचा प्रश्नही सुटेल, सोयाबीनभाऊंचाही.

तवा_आणि_तेल

मी यावर खूप विचार केला आहे. अडचण तर्रीची आहे. टिक्की एका ठिकाणी बनवून गोठवता येते आणि दहा दुकानांत सारखीच तळता येते. तर्रीला रोज सकाळी कोणीतरी खोबरं-कांदा भाजायला, मसाला वाटायला लागतो. हात बदलला की चव बदलते. भिवापुरी मिरची एका दुकानात घातली आणि दुसऱ्यात दुसरीच, तर गिऱ्हाईक पहिल्या चमच्याला ओळखतं. पण कोरडा भाजका मसाला एका जागी तयार करून पाठवला तर जमेल असं मला वाटतं. बाथरूमचं मात्र मी आजपासून मनावर घेतलं आहे. माझ्या दुकानात नाही. गिऱ्हाइकांत बायका का येत नाहीत, याचा मी सहा वर्षं विचार करत होतो आणि उत्तर आज या धाग्यात मिळालं.

रानफूल_पांढरकवडा

दादा, आतून कडी आणि पाणी. आणि एक दिवा. बाकी काही नको.

सांबारवडी

धागा वाचता वाचता भूक लागली. माझा मुलगा पुण्यात नवीन होता तेव्हा त्यानं पोह्यांवर "वरून सांबार टाका" म्हटलं, तर त्यांनी इडलीचं सांबार ओतलं. तेव्हापासून तो कोथिंबीर म्हणतो आणि घरी आला की मी त्याला सुधारते.

पळसबन, तुमच्यासाठी माझं सांगणं. मी सासूबाईंना (वय ७६) नेते तेव्हा चार गोष्टी पाळते. दुपारी चारला जाते, गर्दी नसते आणि पोरांना आपलं ऐकायला वेळ असतो. यंत्रावर ऑर्डर न देता माणसाशी बोलते. बर्गर मधून कापून मागते, अर्धा हातात नीट बसतो आणि दातांनाही सोपा जातो. आणि मी स्वतः आधी घास घेते, म्हणजे त्या माझं बघून खातात. त्यांना आता फ्राईजपेक्षा तिथली कॉफी जास्त आवडते आणि त्या खिडकीशी बसून हायवेवरचे ट्रक मोजतात.

ठेचाभाकर

मधून कापून! एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

पळसबन

मंडळी, उशिरा लिहितोय, पण आज पुन्हा जाऊन आलो. मंगळवार, दुपारचे चार. यावेळी बायकोही होती.

काउंटरवर तोच पोरगा. त्याला सांगितलं की टिक्की बर्गर, मेयो नको, हिरवी चटणी, पाव आतून भाजून, कांदा जास्त, मधून कापून. तो म्हणाला, "काका त्या दिवशी मिरची मागत होते ना?" आणि न सांगता दोन मिरच्या तळून, मीठ लावून आणल्या.

बाबांना चिमणीताईंची टेक्सासची गोष्ट गाडीतच सांगितली होती. त्यांनी अर्धा बर्गर दोन्ही हातांनी धरला, मिरची चावली, घास घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गरम हाये." आमच्याकडे जेवणाला याहून मोठी दाद ते देत नाहीत. दुसरा अर्धाही संपवला.

आईनं आमच्यातला पाव हिस्सा खाल्ला आणि चहा घेतला. मग ती बाथरूमला गेली आणि परत येऊन बायकोला म्हणाली की पंढरपूरला जाताना असं एक जरी ठिकाण असतं तर किती बरं झालं असतं. मी चाळीस वर्षांचा आहे, आईसोबत दोन वाऱ्या केल्या आहेत, आणि हे वाक्य तिनं माझ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं. रानफूल, तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या पोरीले म्हना पानी पेत जा.

बिल ५१० आलं, पाच जणांचं.

रानफूल_पांढरकवडा

आजींना सांगा, पिते.

सोयाबीन_क्विंटल

५१० म्हनजे साडेनऊ किलो. कमी झालं. मिरचीचे अन् कांद्याचे वेगळे पैसे लावले का?

पळसबन

नाही लावले.

सोयाबीन_क्विंटल

मंग रविवारी पोरीयले घेऊन येतो. फाट्याचा पत्ता टाका.